बुद्ध्यंकातला ‘अनुवंशाचा वाटा’ एका मुलाला लागू करता येतो का?

सुरंगी

मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गातील जवळपास निम्मी मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दिवाळी झाली की गाव रिकामे होऊ लागते आणि आईवडिलांबरोबर गेलेली मुले साखर कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच वर्गात परत दिसतात. मागच्या वर्षी आमच्या केंद्रात एक तपासणी शिबिर झाले. त्यात वर्गातील एका मुलीची बुद्धिमापन चाचणी झाली आणि तिचा बुद्ध्यंक ७६ आहे असे लिहिलेला कागद शाळेकडे आला.

त्या कागदावरून शिक्षकांच्या खोलीत जे बोलणे झाले, ते माझ्या मनातून जात नाही. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘बाई, बुद्धी ऐंशी टक्के आनुवंशिक असते हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?’’ ते मनाने वाईट नाहीत. मी त्या मुलीमागे वेळ घालवून स्वतःला त्रास करून घेऊ नये, अशीच त्यांची इच्छा होती.

चाचणीच्या वेळी मी दाराशी उभी होते. मुलगी समोरच्या ताईंच्या हातातील पेनाकडेच बघत होती आणि अंक उलट क्रमाने म्हणायला सांगितल्यावर तिने मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. हीच मुलगी फडात आईने बांधलेल्या मोळ्या मोजते, गाडीत किती बसल्या आणि किती उरल्या हे वडिलांना सांगते, आणि वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे तिचा हिशेब सहसा चुकत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ‘बुद्धी इतके टक्के आनुवंशिक’ या विधानाचा नेमका अर्थ काय? ते खरे असेल, तर या मुलीच्या ७६ पैकी काही भाग तिच्या रक्तातला आणि काही भाग परिस्थितीचा, अशी विभागणी करता येते का? आणि परिस्थिती बदलली तर आकडा किती बदलू शकतो, याबद्दल खरोखर काही माहीत आहे का? धीर देणारे उत्तर नको आहे, खरे उत्तर हवे आहे.

रब्बी

सुरंगीताई, मी आयुष्यभर पीकपैदाशीचे काम केले; मानसशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही उत्तर देण्याचे धाडस करतो, कारण आपण ज्या टक्केवारीबद्दल विचारता ती मूळची आमच्या शेतातली आणि गोठ्यातली आहे. कोणत्या गाईची वासरे पुढे जास्त दूध देतील, कोणत्या वाणाची निवड केल्यास पुढच्या पिढीत उत्पादन वाढेल, याचा अंदाज बांधण्यासाठी जे लश यांच्यासारख्या पशुपैदाशीच्या अभ्यासकांनी १९३०-४० च्या दशकांत हे माप रूढ केले. त्याला आपण आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणू.

हे प्रमाण काय सांगते? एका ठरावीक समूहात, ठरावीक परिस्थितीत, एखाद्या गुणाबाबत एकमेकांत जो फरक दिसतो, त्या फरकाचा किती हिस्सा जनुकांमधील फरकाशी जोडता येतो, एवढेच ते सांगते. ते समूहातील तफावतीचे वर्णन आहे, एका झाडाचे नाही. एखाद्या ताटाचे कणीस दोनशे ग्रॅम भरले, तर त्यातील एकशे साठ ग्रॅम बियाण्याचे आणि चाळीस ग्रॅम पाण्याचे असे कोणी म्हणत नाही. पाण्याशिवाय बियाणे शून्य आणि बियाण्याशिवाय पाणी शून्य. आपल्या विद्यार्थिनीच्या ७६ ची अशी वाटणी करणेही तितकेच निरर्थक आहे. चूक आपल्या सहकाऱ्यांची एकट्याची नाही. चांगले शिकलेले लोकही ही टक्केवारी अशीच वाचतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे प्रमाण परिस्थितीबरोबर बदलते. समजा, मी एकाच प्रतीच्या, सारखे खतपाणी दिलेल्या रानात वेगवेगळे वाण पेरले, तर उत्पादनात दिसणारा फरक जवळजवळ सगळा वाणांचा असेल आणि आनुवंशिकतेचे प्रमाण फार मोठे निघेल. तेच वाण अर्धे काळ्या रानात आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले, तर जमिनीचा फरक इतका मोठा होतो की वाणाचा हिस्सा लहान दिसू लागतो. बियाणे तेच, जनुके तीच. आकडा मात्र वेगळा. म्हणून मोठा आकडा वाचला की माझा पहिला प्रश्न असतो: हे रान कोणते होते?

तिसरी गोष्ट आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली आहे. आपल्याकडचे जुने गव्हाचे वाण उंच वाढायचे. कमी पाण्यावर आणि शेणखतावर ते बरे पीक द्यायचे, पण रासायनिक खताची मात्रा वाढवली की ओंबीच्या भाराने पीक लोळायचे. मेक्सिकोहून आलेले ठेंगणे वाण (१९६६ मध्ये भारताने सुमारे १८ हजार टन बियाणे तिकडून आणले) भरपूर खतपाणी पचवून उभे राहायचे. आता सांगा, ठेंगणेपणाचे जनुक चांगले की वाईट? खत आणि पाणी नसलेल्या रानात त्याचा फायदा दिसलाच नसता. अशा वेळी जनुकाचा परिणाम आणि परिस्थितीचा परिणाम यांची बेरीज करता येत नाही, कारण एकाचा परिणाम किती हे दुसऱ्यावर ठरते. आंतरक्रिया म्हणतात ती हीच. म्हणूनच एकाच केंद्रावरील उत्पादन पाहून आम्ही कधी वाणाची शिफारस करत नसू; निरनिराळ्या विभागांत अनेक हंगाम चाचण्या घ्याव्या लागत, आणि एका ठिकाणी पहिला आलेला वाण दुसरीकडे पाचवा येणे यात आम्हाला नवल वाटत नसे.

बुद्धीच्या बाबतीत माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, पण उंदरांवर झाला आहे. कूपर आणि झुबेक या कॅनडातील संशोधकांनी १९५८ मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेले ‘चक्रव्यूहात हुशार’ आणि ‘चक्रव्यूहात मंद’ असे दोन वंश घेतले. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या हुशार उंदरांच्या सरासरी सुमारे ११७ चुका झाल्या, मंद उंदरांच्या १६४. पण खेळणी, बोगदे, उतार असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात वाढवल्यावर मंद वंशाच्या चुका सुमारे १२० वर आल्या आणि हुशार वंशाच्या १११ वरच राहिल्या. उघड्या-बोडक्या पिंजऱ्यात दोन्ही वंश सुमारे १७० वर एकत्र आले. वंशातील फरक खरा होता. तो दिसण्यासाठी मात्र एक विशिष्ट पिंजरा लागत होता.

आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणीबद्दल एवढेच म्हणेन, की आडात पाणी किती आहे हे पोहऱ्यावरून ठरवण्याआधी दोर पुरेसा लांब होता का हे पाहावे लागते.

सह्यकडा

रब्बी यांचे विवेचन मला पटले, तरी चर्चा एका बाजूला झुकू नये म्हणून काही गोष्टी मांडतो. सुरंगीताईंनी खरे उत्तर मागितले आहे आणि खऱ्या उत्तरात अनुवंशाच्या बाजूचा पुरावा झाकून चालणार नाही.

बूशार आणि मॅग्यू यांनी १९८१ मध्ये तोवर झालेल्या १११ अभ्यासांचा आढावा घेतला. एकत्र वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या बुद्ध्यंकांतील सहसंबंध (साम्य किती हे सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) सरासरी ०.८६ होता आणि द्विबीज जुळ्यांचा ०.६०. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी आणि द्विबीज जुळ्यांची भावंडांइतकीच सामाईक, म्हणून या दोन आकड्यांतील फरकाची दुप्पट केली की अनुवंशाचा अंदाज मिळतो. येथे तो सुमारे ५२ टक्के येतो. लहानपणीच वेगळे झालेल्या एकबीज जुळ्यांतही सहसंबंध ०.७२ इतका होता. हवार्थ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चार देशांतील सुमारे ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा हे प्रमाण वयाच्या ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५ टक्के आणि १७ व्या वर्षी ६६ टक्के आढळले. एका घरात वाढलेल्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या दत्तक भावंडांमधील साम्य बालपणी दिसते आणि प्रौढपणी बरेचसे विरून जाते.

माझी खरी अडचण येथे आहे. परिस्थिती इतकी प्रभावी असेल, तर वय वाढते तसा तिचा प्रभाव साठत जाऊन वाढायला हवा; मग अनुवंशाचा हिस्सा वाढतो कसा? हा प्रश्न मी वादासाठी विचारत नाही. मला त्याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही, आणि ते मिळाल्याशिवाय ‘सगळे परिस्थितीवर आहे’ असे कोणा शिक्षिकेला सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

तळटीप

सह्यकडा यांचा प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. (त्यांनी आधार म्हणून सिरिल बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचे जुळ्यांवरील, आता अविश्वसनीय मानले जाणारे आकडे वापरले नाहीत, याचेही समाधान वाटले. जोड्यांची संख्या २१ वरून ५३ वर गेली तरी बर्ट यांचा सहसंबंध तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत ०.७७१ हाच राहिला होता आणि लिऑन केमिन यांनी ते १९७० च्या दशकात उघडकीस आणले. पण बर्ट यांचे आकडे काढून टाकले तरी बाकीचा पुरावा उभा राहतो, हे मान्य केले पाहिजे.)

जनुके आणि परिस्थिती या दोन स्वतंत्र रांगा नाहीत. मूल मोठे होते तसे ते आपली परिस्थिती स्वतः निवडू लागते आणि भोवतालची माणसेही त्याच्याकडे पाहून वागू लागतात. दोन मुलांपैकी एकाला अक्षरे किंचित लवकर लागली, इतका लहानसा फरक सुरुवातीला असतो. ज्याला वाचता येते त्याला गोष्टीचे पुस्तक हवेसे वाटते, गुरुजी त्यालाच उभे करून धडा वाचायला लावतात, मामा भेट म्हणून पुस्तक आणतो, पुढे ते मूल वाचनालयात जाऊन बसते आणि त्याचे मित्रही तसेच जमतात. दहा वर्षांनंतर दिसणारा मोठा फरक पुस्तकांनी, गुरुजींनी आणि मित्रांनी घडवलेला असतो, पण जुळ्यांच्या अभ्यासात तो संपूर्ण फरक ‘जनुकांच्या’ खात्यावर जमा होतो, कारण एकबीज जुळ्यांची सुरुवात सारखी असते आणि दोघेही तशीच परिस्थिती ओढून घेतात. डिकन्स आणि फ्लिन यांनी २००१ मध्ये हेच गणिती रूपात मांडले. अनुवंशाचा हिस्सा वयाबरोबर वाढतो याचे बरेचसे स्पष्टीकरण येथे मिळते: लहान मुलाची परिस्थिती आईवडील ठरवतात, मोठ्या मुलाची परिस्थिती पुष्कळ अंशी ते स्वतः ठरवते.

परंतु यात एक अट दडलेली आहे. परिस्थिती निवडायची तर निवडण्याजोगे काही आसपास असावे लागते. सुरंगीताईंची विद्यार्थिनी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहते. अक्षरांची ओढ तिच्यात असली तरी ती ओढ कशाला जाऊन भिडणार? साखळीची पहिली कडी आहे, दुसरी कडीच नाही.

याच्याशी जुळणारा पुरावा टर्कहाइमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासातून दिला. गरीब कुटुंबांत बुद्ध्यंकातील तफावतीचा सुमारे ६० टक्के भाग घरातील सामाईक परिस्थितीशी जोडलेला निघाला आणि जनुकांचा हिस्सा जवळजवळ शून्य. सुस्थितीतील कुटुंबांत चित्र जवळपास उलटे होते. पुढे टकर-ड्रॉब आणि बेट्स यांनी २०१६ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा हा परिणाम अमेरिकेत पुन्हा आढळला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात आढळला नाही. तेथील शाळा आणि आरोग्यसेवा गरिबांपर्यंतही बऱ्यापैकी सारख्या पोहोचतात, हे त्याचे कारण असावे असा अंदाज केला जातो. सह्यकडा यांनी दिलेल्या आकड्यांमागील बहुतेक कुटुंबे अशाच देशांतील आहेत. दत्तक देताना तर कुटुंबे पारखूनच घेतली जातात, त्यामुळे अत्यंत हलाखीची घरे त्या अभ्यासांत येतच नाहीत. रब्बी यांच्या भाषेत सांगायचे तर ते सगळे बागायती रान आहे. तेथील ६६ टक्के हा आकडा कोरडवाहू रानात जसाच्या तसा आणून लावणे मला शास्त्राला धरून वाटत नाही.

आता ‘परिस्थिती बदलली तर किती बदल होतो’ याकडे येतो. जनुकाचा परिणाम अटळ नसतो याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण फिनाइलकीटोनुरिया या विकाराचे आहे. आईवडील दोघांकडूनही एका जनुकाची सदोष प्रत आली की मुलाच्या शरीरात फिनाइलॲलनीन या अन्नघटकाचा निचरा होत नाही, तो साठत जातो आणि मेंदूची वाढ खुंटते. नॉर्वेतील फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा विकार ओळखला, तेव्हा त्यातून येणारे तीव्र मतिमंदत्व शंभर टक्के आनुवंशिक होते असे कोणीही म्हटले असते. १९५० च्या दशकात बिकेल आणि सहकाऱ्यांनी तो घटक अत्यल्प असलेला आहार देऊन पाहिला. पुढे नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करता येऊ लागले आणि जन्मानंतर लगेच आहार सुरू केलेली मुले सामान्य बुद्धीची होऊ लागली. जनुक तेच राहिले, बदलले ते ताटातले अन्न. हा विकार दुर्मीळ आहे आणि सर्वसाधारण बुद्धी अशी एका जनुकावर ठरत नाही, ती हजारो जनुकीय फरकांच्या अगदी लहान लहान परिणामांतून घडते. तरी ‘आनुवंशिक म्हणजे न बदलणारे’ हे समीकरण मोडायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण बुखारेस्टचे. रोमानियाच्या सरकारी अनाथालयांत बाळांची पोटे भरली जात, पण त्यांना उचलून घेणारे, बोलणारे कोणी नसे. अशा १३६ मुलांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक कुटुंबांत पाठवण्यात आले. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबांत गेलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ८१ होता आणि संस्थेत ठेवायचे ठरलेल्या मुलांचा सुमारे ७३. निवड चिठ्ठीने झाल्यामुळे ‘हुशार मुलेच आधी उचलली गेली असतील’ ही शंका येथे घेता येत नाही. स्वीडनमधील एका अभ्यासात, ज्यांतील एक भाऊ दत्तक गेला आणि दुसरा जन्मदात्या घरी वाढला अशा ४३६ भावांच्या जोड्या पाहिल्या गेल्या. दत्तक गेलेल्या भावाचा बुद्ध्यंक अठराव्या वर्षाच्या सुमारास सरासरी ४.४ गुणांनी जास्त होता. स्वीडनसारख्या देशात मुळातच घराघरांतील अंतर कमी असते, हे लक्षात घेतले तर हा फरक मला लहान वाटत नाही.

जनुकीय गुणांकांबद्दल, म्हणजे व्यक्तीतील हजारो जनुकीय फरकांचे लहान लहान परिणाम एकत्र करून काढलेल्या अंकांबद्दल, थोडक्यातच सांगतो. ११ लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून २०१८ मध्ये तयार केलेला गुणांक शिक्षणाच्या वर्षांतील तफावतीचा ११ ते १३ टक्के भाग स्पष्ट करतो. तो युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेला असल्याने भारतीय मुलांना लावण्यात अर्थ नाही. मात्र त्याच वर्षी आइसलँडमध्ये एक लक्षणीय गोष्ट दिसली: आईवडिलांची जी जनुके मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध आढळला. हा परिणाम आईवडिलांनी घडवलेल्या घराचा आहे. अनुवंश म्हणून मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत घर किती मिसळलेले असते, याचा इतका थेट पुरावा मी पूर्वी वाचला नव्हता.

सह्यकडा

‘निवडण्याजोगे काही आसपास असावे लागते’ हा मुद्दा माझ्या प्रश्नाला उत्तर देतो. दत्तक भावंडांच्या अभ्यासांत हलाखीची घरे नसतात, ही मर्यादा मी पुरेशी लक्षात घेतली नव्हती. चांगल्या परिस्थितीतही मुलामुलांत फरक राहतील आणि त्यांतील बराच भाग जनुकांचा असेल, हे माझे मत कायम आहे. पण या मुलीच्या बाबतीत ते आज लागू होत नाही, हे मान्य करतो.

चांदणवेल

मी बालमार्गदर्शन केंद्रात अनेक वर्षे बुद्धिमापन चाचण्या घेत आले आहे. वरच्या प्रतिसादांत ‘बुद्ध्यंक’ हा जणू नीट मोजलेला आकडा आहे असे गृहीत धरले गेले आहे. मला त्या मोजण्याबद्दल बोलायचे आहे, कारण सुरंगीताईंनी दाराशी उभे राहून जे पाहिले ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी आणि जादा मदतीची गरज असलेली मुले शोधण्यासाठी. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे हे मत त्यांनी स्वतः ठामपणे नाकारले होते. आपल्याकडे धारवाडच्या वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्या चाचणीचे रूपांतर केले; १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झालेली ही बिने-कामत चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. कामतांचे काम त्या काळात फार मोठे होते आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण इतक्या वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना करून आजच्या मुलीला गुण देताना किती सावध राहावे लागते, हे चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला सुमारे ३ ने वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले. इतक्या थोड्या पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते शिक्षण, आहार, आणि अमूर्त प्रश्नांची सवय. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीला यांतले किती मिळाले आहे, हे आपण जाणताच.

उत्तम चाचणी, उत्तम परिस्थितीत घेतली, तरी आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सात गुणांची अनिश्चितता असते. शिबिरात, अनोळखी ताईंसमोर, मान खाली घालून बसलेल्या मुलीच्या बाबतीत ती किती, हे मी सांगू शकत नाही. शाळेच्या एका वर्षाने बुद्ध्यंकात साधारण १ ते ५ गुणांची भर पडते, असे रिची आणि टकर-ड्रॉब यांच्या २०१८ मधील, सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात आढळले. या मुलीचे दर वर्षी जवळजवळ अर्धे वर्ष बुडते. हॉफ आणि पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत लक्षणीय फरक नव्हता, सर्वांसमोर जात पुकारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तीच होती, खोलीतील वातावरण बदलले होते. म्हणूनच एखाद्या समाजाच्या सरासरी गुणांवरून त्याच्या ‘रक्ताबद्दल’ कोणी बोलू लागले, तर त्याला थांबवावे. समूहाच्या आतील फरक कितीही आनुवंशिक असले, तरी दोन समूहांमधील फरकाबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता प्रत्यक्ष करायच्या गोष्टी. पहिली, तिचे कान आणि डोळे तपासून घ्या. सतत कान फुटणारे मूल अंक ऐकूच शकत नाही आणि आपण त्याला मंद ठरवतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दुसरी, हिमोग्लोबिन पाहा, आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास थायरॉइडही. तिसरी, ७६ या आकड्यावरून बौद्धिक दिव्यांगत्व ठरत नाही. त्यासाठी चाचणीचा आकडा साधारण ७० च्या खाली असावा लागतो, आणि त्याबरोबर रोजच्या व्यवहारात जुळवून घेण्याच्या कौशल्यांतही मोठी उणीव दिसावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या दोन्ही बाजूंचा उल्लेख आहे. मोळ्यांचा हिशेब ठेवणारी मुलगी दुसऱ्या कसोटीवर कोठे उभी आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे. चौथी, शक्य असेल तर या हंगामात तिला गावातच ठेवण्याचा प्रयत्न करा आणि सलग वर्षभर शाळा झाल्यावर, ओळखीच्या व्यक्तीच्या उपस्थितीत, पुन्हा चाचणी घ्या. तोवर तो आकडा तिच्या कोणत्याही नोंदीत चढू देऊ नका.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. रब्बी यांचे गव्हाचे उदाहरण मी माझ्या सहकाऱ्यांना सांगितले. त्यांची स्वतःची शेती आहे, त्यामुळे मला फार समजावून सांगावे लागले नाही. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी त्या कागदाची प्रत मागून घेऊन पुन्हा वाचली.

ग्रामीण रुग्णालयात गुरुवारी कानाची तपासणी ठरली आहे. मुलीच्या आजीशी बोलले. हंगामी वसतिगृहाची सोय या वर्षी आमच्या गावात झाली, तर नातीला मागे ठेवायला ती तयार आहे. आईवडिलांनी उचल घेतली आहे, त्यामुळे त्यांना जावेच लागेल. आई फक्त एवढेच म्हणाली की धाकट्याला फडात सांभाळणार कोण, आणि त्याचे उत्तर अजून माझ्याकडे नाही.

चांदणवेलताई, काल मी तिला अंक उलट म्हणायला सांगितले नाही. एका गाडीत ऐंशी मोळ्या बसतात आणि फडात तीनशे पडल्या आहेत, तर किती खेपा होतील, असे विचारले. तिने बोटांवर मोजले नाही, पाटी घेतली नाही. थोडा वेळ दाराबाहेर पाहिले आणि म्हणाली, ‘‘चार, बाई. पर चौथी भरायची नाही.’’